जुन्या इंजिनाच्या आटेवाल्या कोअर प्लगमधून पाणी झिरपतंय? काढण्यापासून बसवण्यापर्यंत

सकाळी गाडीखाली पाण्याचे चार थेंब दिसतात. फेरी मारून आलं की ब्लॉक कोरडा ठणठणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चार थेंब. माझ्या जुन्या गाडीने हा खेळ दोन महिने चालवला आणि मी रेडिएटरची नळी, पंपाचं ग्लँड, हेड गॅस्केट असं सगळ्यांवर आळीपाळीने संशय घेतला. खरा चोर होता ब्लॉकच्या कुशीत, डायनॅमोच्या मागे लपलेला पितळी कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीचं भोक बंद करणारं बूच.

गार असताना गळणं आणि गरम झाल्यावर थांबणं यात भुताटकी काही नाही. तापमान एका अंशाने वाढलं की पितळ लांबीच्या दहा लाखांत सुमारे १९ भाग फुगतं, आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सुमारे ११ भाग. एक इंची पाइप आट्याचा प्लग (बाहेरून सुमारे ३३ मिमी) ६० अंशांनी तापला, तर तो भोकापेक्षा सुमारे ०.०१६ मिलिमीटर जास्त फुगतो. बारीक पाझर बुजवायला तेवढं पुरतं. गार झाला की वाट पुन्हा मोकळी.

पुढचं सगळं आटे असलेल्या प्लगबद्दल आहे. ठोकून बसवायच्या वाटीसारख्या किंवा चकतीसारख्या प्लगची रीत वेगळी. तिथे जुना प्लग भोसकून काढतात आणि नवा ठोकतात, अर्ध्या दिवसात काम उरकतं. आटेवाल्या प्लगमध्ये मात्र ब्लॉकमधले आटे पणाला लागलेले असतात. प्लग लेथवर नवा करून मिळतो, ब्लॉक मिळत नाही. म्हणून या कामात कुठेही अडलात तर प्लगचा बळी द्या, आट्यांचा देऊ नका.

हे प्लग पाणी गोठल्यावर ब्लॉक फुटू नये म्हणून दिलेले असतात, असा समज आहे. तो चुकीचा आहे. ब्लॉक ओतताना पाण्याच्या पोकळीसाठी साच्यात वाळूचा गाभा बसवावा लागतो. त्या गाभ्याला आधार द्यायला आणि नंतर वाळू काढायला ही भोकं लागतात. आटेवाला प्लग तर बर्फाच्या दाबाने सहसा उडतही नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि मग प्लग जागेवर राहून ब्लॉकलाच तडा जातो.

लागणारं सामान

- व्हर्निअर कॅलिपर आणि आटे मोजायचं गेज, ५५ आणि ६० अंश दोन्हींच्या पात्यांचं
- प्लगच्या खाचेत घट्ट बसेल असं अवजार. बहुतेक वेळा ते स्वतःच घासून बनवावं लागतं
- जाम आटे सोडवायचं पातळ तेल, साधी मेणबत्ती, गॅसची टॉर्च
- सेंटर पंच, ५ मिमीपासून चढत्या मापाचे ड्रिल, हॅक्सॉचं सुटं पातं, अरुंद छिन्नी
- पितळी ब्रश, ग्रीस, ॲसिटोन, चिंध्या, लवचीक तार
- पाइपच्या आट्यांसाठीचं सीलंट
- नवे प्लग, पण ते जुना हातात आल्यावरच घ्या
- आग विझवायचं सिलिंडर, हाताशी

१. आधी गळती तिथलीच आहे याची खात्री करा

पाणी खाली ओघळतं, म्हणून ओल दिसते ती जागा गळतीची असेलच असं नाही. ब्लॉकची ती बाजू धुऊन पुसून कोरडी करा, प्लगच्या वर आणि भोवती खडूची पूड किंवा टाल्कम पावडर लावा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी ओल प्लगच्या कडेने सुरू झालेली दिसली तर प्रश्न मिटला. वरून पट्टा खाली आला असेल तर हेड गॅस्केट किंवा नळीचा क्लिप तपासा. प्लगच्या काठावर पांढरे किंवा हिरवे पापुद्रे आणि खाली तांबेऱ्याची रेघ असेल तर तो बऱ्याच काळापासून झिरपतोय.

ब्लॉकवरचं प्रत्येक आटेवालं बूच पाण्याचं नसतं, हेही ध्यानात ठेवा. तेलाच्या वाटांनाही अशीच, सहसा लहान, बुचं असतात. त्यांना हात लावायचा नाही. शंका असेल तर त्या इंजिनाच्या माहितीपुस्तकातली आकृती पाहा.

आणि रेडिएटरमध्ये ओतून गळती थांबवणारं औषध? मी ते केलं. गळती आठवडाभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली, आणि मधल्या काळात रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत तो चिखल बसला तो बसलाच. घरापासून दूर अडकलात तर घरी पोहोचण्यापुरतं ठीक. इलाज म्हणून नको.

२. पाणी काढा, जागा मोकळी करा

इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॅटरीची तार काढा. रेडिएटरचा नळ उघडून भागत नाही, ब्लॉकचा खालचा नळही उघडावा लागतो. तो उघडूनही पाणी आलं नाही तर ब्लॉक रिकामा झाला असं समजू नका. नळाच्या मागे गाळ दाटलेला असतो, तारेने टोचा. कूलंट परातीत धरा आणि लगेच झाकून ठेवा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जीवघेणं विषारी असतं. मुलं आणि जनावरं त्याला फसतात.

डायनॅमो, स्टार्टर, कधी मॅनिफोल्ड, जे आड येईल ते काढा. मॅनिफोल्ड काढायचा असेल तर त्याचे स्टड तुटण्याची तयारी ठेवा, आधी दोन-तीन दिवस तेल सोडत राहा. जुन्या एक्झॉस्ट गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, ब्रश मारू नका. पाणी फवारून ओलं करा, अलगद उचला, पिशवीत बंद करा.

टॉर्च वापरायची असेल तर कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी आधीच दूर करा. हे काम सुरू झाल्यावर आठवून उपयोग नाही.

३. अवजार प्लगप्रमाणे बनवा

निम्मे प्लग इथेच वाया जातात. प्लगला रुंद खाच असते, किंवा चौकोनी खड्डा, किंवा षट्कोनी, किंवा नुसती दोन भोकं. हाताला लागेल तो स्क्रूड्रायव्हर खाचेत घालून जोर लावला की पितळ मऊ असल्याने खाचेचे काठ गोल होतात आणि पुढचे सगळे सोपे रस्ते बंद.

खाचेसाठी जाड पोलादी पट्टी घ्या आणि खाचेच्या पूर्ण लांबीत, पूर्ण खोलीत, न हलता बसेपर्यंत कानशीने घासा. चौकोनी खड्ड्यासाठी चौकोनी सळई. दोन भोकांसाठी जाड पट्टीत दोन पोलादी पिना बसवून पाना तयार करा. त्या आधी खाचेतला रंग आणि गंज तळापर्यंत टोकदार काडीने काढा. रंगामुळे अवजार अर्धंच आत जातं आणि आपल्याला वाटतं की बसलं.

अवजार निसटू नये हे त्याहून महत्त्वाचं. प्लग दोन बाजूंच्या स्टडच्या मधोमध असेल तर एक पट्टी त्या स्टडवर आडवी बांधा, तिच्या मध्ये भोक पाडून अवजाराचा दांडा त्यातून बाहेर काढा आणि अवजाराच्या खांद्यावर पट्टीचा दाब येऊ द्या. मग दोन्ही हात नुसतं फिरवायला मोकळे राहतात. पट्टी तयार करायला मला एक संध्याकाळ लागली. तिच्याशिवाय मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या.

४. प्लग सोडवा: घाई न करता

पहिले तीन दिवस तेलाचे. प्लगच्या काठावर पातळ तेल सोडा आणि मध्यभागी बोथट दांड्याने हलके ठोके द्या. ठोक्यांनी गंजाची पकड तडकते आणि तेल आत जातं. जुना पितळी प्लग आतून झिजून पातळ झालेला असू शकतो, म्हणून ठोके बेताचे. असं दिवसातून दोनदा, तीन दिवस.

मग अवजार लावून आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने जोर द्या, नंतर सैल करण्याच्या. प्लग केसभर हलला की जिंकलात, पण एकदम फिरवू नका. पाव फेरा बाहेर, थोडा आत, तेल, पुन्हा पाव फेरा बाहेर.

हलत नसेल तर उष्णता. इथे प्लग कशाचा आहे यावर सगळं अवलंबून आहे.

प्लग पोलादी असेल तर प्लगच्याच मध्यावर टॉर्च धरा आणि तो लाल होऊ द्या. तो फुगायला बघतो, भोवतीचा जाड ब्लॉक फुगू देत नाही, म्हणून धातू दबतो. गार झाल्यावर प्लग आधीपेक्षा बारीक होतो आणि आट्यांतली पकड सुटते. पोलादी प्लगची खाच गेली असेल तर त्यावर नट वेल्डिंग करून तोच परिणाम आणि वर पाना लावायला जागा असं दुहेरी काम साधतं. बॅटरीची तार काढलेली आहे ना, एकदा पुन्हा बघा.

पितळी प्लग लाल करू नका, तो मऊ पडून फाटतो. भोवतीचं बीड रुंद वर्तुळात, सावकाश, पाणी टाकलं तर चुरचुरेल इतपत तापवा. पण गरम असताना प्लग फिरवायला जाऊ नका. वर सांगितलं तसं पितळ बिडापेक्षा जास्त फुगतं, म्हणजे त्या क्षणी तो आणखी आवळलेला असतो. तापवायचं ते गंज तडकवण्यासाठी आणि मेण आत ओढून घेण्यासाठी. काठावर मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण फटीत शिरतं. पूर्ण गार होऊ द्या आणि मग फिरवा. गार होण्यासाठी पाणी ओतायचं नाही, बिडाला तडा जातो. आणि ज्योत पेटवण्याआधी सांडलेलं तेल पुसून काढा.

अशा दोन-तीन फेऱ्यांनंतरही हलला नाही तर जोर वाढवत बसू नका. पुढच्या पायरीवर जा.

५. हट्टी प्लग पोखरून काढा

मध्यबिंदू काटेकोर काढून पंच मारा. ५ मिमीचं ड्रिल आधी. ड्रिलवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा आणि ड्रिल आरपार जातंय असं जाणवताच थांबा, कारण प्लगच्या मागे पाण्याची पोकळी आहे आणि तिच्या पलीकडे सिलिंडरची भिंत. काही इंजिनांत मधली जागा अगदी थोडी असते. टोकाला ग्रीस लावलं तर बराच कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो.

ड्रिलची मापं वाढवत जा आणि आट्यांच्या तळापासून सर्व बाजूंनी तीन मिमी कडं उरलं की थांबा. आता हॅक्सॉच्या पात्याला एका टोकाला कापड गुंडाळून मूठ करा आणि भोकातून बाहेरच्या दिशेने कडं कापा. तीन ठिकाणी, त्यातले दोन काप जवळजवळ. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात नाजूक काम आहे. दर दहा-बारा फटक्यांनी थांबून दिवा धरून बघा. पितळाच्या पिवळ्या कापात आट्याचं काळपट टोक दिसू लागलं की पातं बाजूला. मग जवळजवळच्या दोन कापांमधला तुकडा अरुंद छिन्नीने आत, मध्याकडे वळवा. तो निघाला की उरलेलं कडं सैल पडतं आणि पक्कडीने पिळून बाहेर येतं.

मोडके स्क्रू काढायचा उलट्या आट्यांचा एक्सट्रॅक्टर मी इथे वापरत नाही. तो पाचरीसारखा प्लगला कडेकडे पसरवून आणखी घट्ट करतो, आणि आत मोडला तर तो कडक पोलादाचा तुकडा काढणं हे वेगळंच प्रकरण होऊन बसतं.

६. आत डोकवा

प्लग निघाला की लगेच नवा बसवायची घाई होते. थांबा. या भोकातून ब्लॉकचं पोट इतकं स्पष्ट पुन्हा दिसणार नाही. तळाशी, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, गंज आणि क्षारांचा घट्ट गाळ साचलेला असतो. क्वचित मूळ ओतकामाची वाळू आणि तारेचे तुकडेही निघतात. मागचा सिलिंडर गरम होण्याचं कारण अनेकदा हेच. तारेने उकरा, नळीने उलटसुलट पाणी मारा, पुन्हा उकरा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. पितळी कीस चुंबकाला लागत नाही, तो पाण्यानेच काढावा लागतो. धुताना रेडिएटर वेगळा ठेवा, नाहीतर सगळा गाळ त्याच्या नळ्यांत जाऊन बसेल.

७. आटे साफ करा, पाडू नका

टॅप, म्हणजे आटे पाडायचं अवजार, घालून आटे ‘नवे’ करण्याचा मोह आवरा. टॅप धातू कापतो आणि गंजून आधीच पातळ झालेल्या आट्यांतून आणखी कापला तर प्लग ढिला बसतो. पितळ आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की झिजतं ते लोखंड, म्हणजे नुकसान ब्लॉकच्या बाजूला आधीच झालेलं असतं.

त्याऐवजी त्याच आट्याचा (तो कसा ओळखायचा ते पुढच्या पायरीत) एक पोलादी प्लग घ्या आणि त्याच्या आट्यांवर उभ्या तीन खाचा करवतीने पाडा. झाला साफ करायचा टॅप. खाचांत ग्रीस भरा, हाताने फिरवा, काढा, पुसा, पुन्हा. घाण निघते, धातू शाबूत राहतो.

८. आटा ओळखा, मगच प्लग घ्या

सगळ्यात महागडी चूक या पायरीवर होते. पाइपच्या आट्याचं नाव आणि माप जुळत नाही. ‘१/२ इंच’ म्हटलेला आटा बाहेरून मोजला तर जवळपास २१ मिमी भरतो. ब्रिटिश पाइप आटे, म्हणजे बीएसपी, असे येतात: १/२ इंचाला २०.९६ मिमी आणि इंचात १४ आटे. ३/४ ला २६.४४ मिमी आणि १४. १ इंचाला ३३.२५ मिमी आणि ११. सव्वा इंचाला ४१.९१ मिमी आणि ११. अमेरिकी एनपीटी: १/२ ला २१.३४ मिमी आणि १४, ३/४ ला २६.६७ मिमी आणि १४, १ इंचाला ३३.४० मिमी आणि साडेअकरा.

१/२ आणि ३/४ मध्ये दोन्हींचे आटे इंचात १४ आहेत, व्यासही जवळचा. म्हणून एकाचा प्लग दुसऱ्यात दोन-तीन फेरे सहज जातो आणि बसला असं वाटतं. पण ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंश, ब्रिटिश अभियंता व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेला. अमेरिकी आट्याचा ६० अंश, अमेरिकी अभियंता सेलर्सने १८६४ मध्ये सुचवलेला. हे दोन कोन एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि पाना लावून बसवलेच तर ब्लॉकचे आटे चिरडतात. गेजची पाती जुन्या प्लगवर उजेडासमोर धरा, फट दिसली तर कोन चुकीचा. काही ब्रिटिश गाड्यांत व्यास कोणताही असो, इंचात २६ आटे असलेला बारीक ब्रास आटाही भेटतो. तो पाइपच्या आट्याशी कुठेच जुळत नाही.

दुसरा प्रश्न: आटा सरळ की निमुळता? प्लगचा व्यास दोन्ही टोकांना मोजा. निमुळता आटा १६ ला १ या प्रमाणात कमी होत जातो. सरळ आट्याच्या भोकात निमुळता प्लग पिळला तर तो पाचर होतो. बीड दाब चांगला सोसतं, ताण फार कमी. आतून ताणलं की तडकतं.

ब्लॉकचे आटे खरोखरच गेले असतील तर चांगल्या लेथवाल्याकडून मापाप्रमाणे किंचित मोठ्या व्यासाचा, आट्यांची संख्या तीच ठेवून, प्लग करून घ्या. धातू गनमेटल, म्हणजे कथील मिसळलेला तांब्याचा मिश्रधातू, मागा. साध्या पितळातलं जस्त वर्षानुवर्षं पाण्यात झिजून जातं आणि मागे ठिसूळ तांबूस सांगाडा उरतो. ॲल्युमिनियम तर बिडाच्या ब्लॉकमध्ये अजिबात नको.

९. बसवा

दोन्ही आटे ॲसिटोनने तेलविरहित करा. सीलंट प्लगच्या आट्यांवर लावा, आतल्या टोकाचे पहिले दोन फेरे कोरडे सोडून, म्हणजे जादा माल पाण्याच्या पोकळीत जात नाही. मी हवाबंद जागेत घट्ट होणारं पाइप सीलंट वापरतो. नळजोडणीतले तागाचे धागे आणि लेपही चालतात, जुन्या इंजिनांत तेच होतं. पांढरी पीटीएफई (टेफ्लॉन) टेप मात्र टाळा. ती इतकी गुळगुळीत असते की आपण किती आवळतोय हे हाताला कळत नाही, आणि तिच्या चिंध्या पाण्यात फिरतात.

प्लग बोटांनी सुरू करा. पहिले तीन-चार फेरे बोटांनी गेले नाहीत तर आटे तिरके लागलेत, मागे घ्या. निमुळता प्लग हाताने घट्ट झाल्यावर एक, फार तर दीड फेरा पान्याने. बाहेर रुंद कड असलेल्या सरळ प्लगखाली तांब्याचा वायसर असेल तर तो लालसर तापवून गार करून मऊ करा, मग सपाट बसतो. जुना वायसर तसाच टाकू नका.

१०. तपासा

सीलंट २४ तास वाळू द्या. जुन्या गाड्यांची पाण्याची व्यवस्था बहुतेक वेळा बिनदाबाची असते, म्हणून आजच्या गाड्यांचा दाब देऊन चाचणी केलीत तर प्लग टिकेल आणि रेडिएटर फाटेल. ब्लॉकची खालची वाट लाकडी बुचाने बंद करा, वरच्या वाटेला लांब नळी लावा, पाणी भरा आणि नळीचं तोंड इंजिनाच्या मीटरभर वर बांधून ठेवा. मीटरभर पाण्याचा दाब सुमारे दीड पौंड प्रति चौरस इंच होतो, तेवढा पुरे. रात्रभर पातळी खाली गेली नाही तर सगळं जोडा.

न गळणारे बाकीचे प्लगही बदलावेत का? इंजिन बाहेर काढून उघडलेलं असेल तर होय. गाडीतच असेल आणि ते कोरडे, घट्ट असतील तर मी हात लावत नाही. प्रत्येक प्लग काढताना त्याच्या आट्यांवर पुन्हा तोच डाव लागतो.

शेवटी कूलंट भरा. साधं पाणी नको, गंजरोधक असलेलं, जुन्या धातूंना आणि रेडिएटरच्या डाखाला चालणारं जुन्या पद्धतीचं, आणि दर दोन वर्षांनी बदला. गोठण्याचा धोका नसला तरीही, कारण गंजरोधक संपतं. काढलेला जुना प्लग फेकू नका. त्याच्याबरोबर आट्याचा प्रकार, व्यास आणि इंचातली संख्या एका चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. आणि इंजिन सुरू करण्याआधी ब्लॉकचा खालचा नळ बंद केलाय ना, तेवढं बघा. मी पहिल्यांदा विसरलो होतो.